दात बघून घेतलेला ससा

मुरुमच्या आठवडी बाजारात ससे विकायला बसणाऱ्या माणसानं मला फसवलं. मादी होती, ती नर म्हणून दिली. चावणारी होती, ती ‘चावत न्हाय’ म्हणून गळ्याची शपथ घेऊन दिली. ही दोन्ही वाक्यं तो माझ्या तोंडावर बोलला आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या दोन व्यापाऱ्यांनी ती ऐकली. आता ते दोघं म्हणतात, आम्ही त्या वेळी उसाचा रस पीत होतो. पीत होते, मान्य. पण कान काही ग्लासात घातले नव्हते.

मी जनावरांचा व्यापारी आहे. जळकोटला हायवेपासून थोडं आत माझं घर आहे आणि घराच्या पुढं गोठा. दुसऱ्यांच्या बैलांची दावी धरून बाजारात दिवसभर उन्हात उभा राहायचो, तिथून सुरुवात केली. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचं सगळं वाचन मी जनावरांच्या तोंडात केलं. बैलाला वरच्या बाजूला पुढचे दात नसतात, खालीच असतात. दुधाचे पडून पक्के दोन आले की तो दोन-दाती, मग चार, मग सहा, आणि आठही पक्के आले की जुळला. विकणारा काहीही सांगो, मी ओठ उलटा करतो आणि वय सांगतो. या एका विद्येवर मी घर बांधलं, गोठा बांधला, मुलीचं लग्न केलं.

ससा मला नको होता. बायकोला हवा होता.

त्याचं मूळ एका वगारीत आहे, ते सांगितलं पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडं म्हशीची एक वगार होती. आई मेलेली. बायकोनं तिला बाटलीनं दूध पाजून जगवलं. ती वगार हिच्या मागं चुलीपर्यंत यायची. एकदा बायको येरमाळ्याला देवीला गेली आणि त्याच दिवशी माझ्या दारात चांगलं गिऱ्हाईक आलं. मी व्यवहार केला. संध्याकाळी ही परत आली, ती वगारीसाठी म्हणून प्रसादाचा नारळ आणि गूळ पदरात बांधून घेऊन आली. खुंटा रिकामा बघितला. भांडली नाही. गूळ डब्यात टाकला आणि भाकरी थापायला बसली. मी आयुष्यभर भांडणावर पोट भरलंय. भांडणाऱ्याला मी भीत नाही. त्या दिवशीच्या तिच्या गप्प बसण्याला मात्र मी अजून भितो.

यंदा संक्रांतीनंतर एकदा जेवताना ती म्हणाली, “अहो, इतकी जनावरं या दारात आली. एक तरी राहिलं का?”

“राहिली असती तर खाल्लं काय असतं आपण?”

“तेच म्हणते. म्या एकाचंबी नाव ठिवलं न्हाय. नाव ठिवलं की दुसऱ्या बाजाराला तुम्ही दावं सोडता. एक असं आणा, ज्याला गिऱ्हाईकच येणार न्हाय.”

गिऱ्हाईक न येणारं जनावर मला ससाच दिसला. आणि मी शब्द दिला की हा विकणार नाही.

मुरुमच्या बाजारात तो माणूस जाळीचे पिंजरे मांडून बसला होता. मी एक करडा ससा निवडला.

“चावतो का?”

“गळ्याची शपथ मालक, चावत न्हाय. गाय परवडली मारकी. ह्याच्यासारखा गरीब न्हाय. लेकरं कान धरून खेळवत्यात.”

“नर का मादी?”

“नर. एकटा जीव, सदाशिव. पिलांचा पसारा न्हाय.”

मग मी माझं काम केलं. डाव्या हातानं मान धरली, उजव्या अंगठ्यानं ओठ वर केला. वर दोन दात, खाली दोन. मी म्हणालो, “दोन-दाती आहे. कोवळा आहे.”

“व्हय व्हय, दोन-दाती!” तो म्हणाला. “मालकाची नजर म्हंजे नजर!”

इथंच मी ओळखायला पाहिजे होतं. व्यापारात समोरचा माणूस तुमच्या बोलण्याला इतक्या घाईनं ‘व्हय’ म्हणाला, की समजावं, आपण काहीतरी चुकीचं बोललोय आणि ते त्याच्या फायद्याचं आहे. पुढं कळलं, ससा एक वर्षाचा असो नाहीतर आठ वर्षांचा, ओठ उचलला की समोर दोनच दात दिसतात. त्या माणसाला हे माहीत होतं. त्यानं सांगितलं नाही. मी ही तिसरी फसवणूक धरतो.

ससा खोक्यात घालून, वरून माझं उपरणं टाकून पिकअपमध्ये पुढच्या सीटवर ठेवला. या उपरण्याविषयी सांगायला हवं. आमच्या धंद्यात भाव तोंडानं करत नाहीत. दोघांचे हात एका कापडाखाली जातात, आणि कोण किती बोटं धरतो, कशी दाबतो, त्यावर व्यवहार होतो. भोवतीच्या लोकांना कापड हललेलं दिसतं, आकडा दिसत नाही. माझे सगळे मोठे व्यवहार त्या एका उपरण्याखाली झालेत. घरी आल्यावर मी खोकं ओसरीवर ठेवलं आणि हाताला जी सवय आहे तीच केली. उपरण्याखाली हात सरळ पुढून आत घातला.

सशानं अंगठ्याशेजारचं बोट धरलं. असं धरलं, की मी बाजारात कधी कुणाला इतक्या मनापासून व्यवहार करताना बघितलं नाही.

मी ओरडलो. बायको हसली. ती हसता हसता ओसरीच्या खांबाला टेकली आणि म्हणाली, “त्यानं भाव सांगितला, तुमी वरडता कशाला? परवडत नसंल तर हात काढून घ्या.”

पुढच्या आठवड्यात त्या सशानं मोबाईलच्या चार्जरची वायर तोडली (प्लग बंद होता म्हणून वाचला), प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय कुरतडला, बायकोच्या साडीच्या काठाला झालर केली आणि माझ्या उपरण्याचं एक टोक खाऊन टाकलं. मला आणखी दोनदा चावला. बायकोला एकदाही नाही. मी जाहीर केलं, हा माल परत जाणार.

“राहू द्या,” ती म्हणाली.

“चावतंय ते.”

“तुमालाच चावतंय.”

“मी मालक आहे त्याचा!”

“त्याला कुणी सांगितलंय का?”

परत करायचं तर रीत आहे. जनावराला खोड असेल आणि विकणाऱ्यानं ती लपवली असेल, तर चार माणसांपुढं त्याला ते परत घ्यावं लागतं. पण खोड म्हणजे काय, हे बाजारात पक्कं ठरलेलं आहे. कारण नसताना मारतो तो बैल मारका. गोमाशी बसल्यावर लाथ मारली, तर ती खोड नव्हे. म्हणजे मला हे दाखवून द्यायचं होतं की हा ससा विनाकारण चावतो. म्हणून मी त्याच्या प्रत्येक चाव्यामागचं कारण शोधायला बसलो, ते एवढ्याचसाठी, की कारण सापडू नये.

पहिला चावा तपासायला घेतला, तो उपरण्याखालचा. म्हैस बघायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांना मी बोट दाखवलं. डॉक्टर म्हणाले, “हात पुढून घातला असणार.”

“मग काय मागून घालायचा?”

“सशाचे डोळे दोन्ही बाजूंना असतात. मागचंसुद्धा दिसतं त्याला, पण नाकाच्या अगदी पुढचं दिसत नाही. तिथं तो वासावर चालतो. त्याआधी कशाकशाला हात लावला होता तुम्ही त्या दिवशी?”

आठवलं. बाजारात पेंड बघितली होती, मूठभर चाळवून, हुंगून. बोटाला पेंडीचा वास होता. अंधारात, नाकापुढं, खायच्या वासाचं काहीतरी सरकत आलं. मी सशाच्या जागी असतो तर मीही तोंड घातलं असतं. एक चावा कारणात गेला.

“आणि तोंड उघडून दात बघता का रोज?” डॉक्टरांनी विचारलं.

बघत होतो. खोटं कशाला सांगू. रोज सकाळी गोठ्यातली फेरी झाली की ससा उचलायचा, मांडीवर उताणा धरायचा, ओठ वर करायचा. जनावर ताब्यात आलं की दात बघायचे, ही माझ्या हाताची खोड आहे.

“ससा उचलून घेतात कोण, माहितीये का?” डॉक्टर म्हणाले. “घार आणि कोल्हा. त्याला वाटतं, आता आपण संपलो. नशीब समजा बोट शिल्लक आहे.”

दुसरा चावा गेला. तिसरा पिंजऱ्यातला होता. मी पाण्याची वाटी काढायला हात आत घातला तेव्हाचा. तो बायकोनंच उडवून लावला. “तुमच्या गोठ्यात कुणी न विचारता आलं तर तुमी काय करता?” मी काय करतो ते हायवेवरच्या धाब्यापर्यंत ऐकू जातं. तिसराही कारणात गेला.

राहिलं कुरतडणं. डॉक्टर म्हणाले, सशाचे दात मरेपर्यंत वाढतात. घासले नाहीत तर तोंड मिटायचं नाही, खाता येणार नाही, उपाशी मरेल. हे ऐकून मी खरोखर थक्क झालो. आयुष्यभर दात बघितले, आणि कधीच न जुळणारं तोंड मला कुणी दाखवलं नव्हतं. म्हणजे तो वायर खात नव्हता, दात घासायला काहीतरी शोधत होता, आणि आम्ही त्याला भाजीचा मऊ पाला घालत होतो. मग वाळलेलं गवत भरपूर टाकायला लागलो, कडब्याची चिपाडं टाकली, पेरूच्या काड्या टाकल्या. त्यानं पहिलं चिपाड दोन्ही पायांत धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं असं चालवलं, जशी कडबाकुट्टी चाललीय. खुर्चीचे उरलेले तीन पाय वाचले. वायरी मी भिंतीवर उंच घेतल्या.

आणि खरं सांगतो, मला मजा यायला लागली. बैलाच्या कानावरून त्याचं मन कळतं, तसं याचंही कळायला लागलं. नाकानं ढुसणी देऊन हळूच दातानं चिमटला, तर ‘सरक बाजूला’. कपाळावरून हात फिरवताना माझ्या बाहीला बारीक बारीक कुरतडला, तर तो लाड. दात एकमेकांवर हलके घासून गुरगुर करत बसला, तर सुख. बायको दारात बसून पिंजऱ्याचं दार उघडायची आणि नुसती थांबायची. तो आपणहून यायचा, तिच्या पायावर हनुवटी घासायचा. मी कधी असा थांबलोच नव्हतो. माझ्या धंद्यात जनावर आपणहून येत नाही, ओढून आणावं लागतं.

म्हणजे परत करायचं रद्द झालं असतं. पण तिसऱ्या आठवड्यात ससा बिघडला. पिंजऱ्याजवळ नुसतं गेलं तरी घुं घुं करायचा. पुढच्या दोन पायांनी हातावर फटके मारायचा. कपाळावर हात ठेवू देईना. बाजूनं हात आणला, हात धुऊन आणला, पेरूची काडी धरून आणला, तरी चावला. आणि तोंडात गवत भरून घेऊन उगाच कोपऱ्यात फिरायचा. मी सगळी कारणं तपासली. एकही लागू पडेना.

“सापडली खोड!” मी म्हणालो. आता आनंदानं म्हणालो, हे कबूल करतो. माझी फिर्याद परत उभी राहिली होती. “उद्या मुरुमला नेतो.”

 बायकोनं खोक्यात गवत अंथरलं, दोन चिपाडं ठेवली, आणि भाकरी थापायला बसली.

मी ते बघितलं. कळलंही. तरी गेलो. माणसाला राग आला की त्याला फक्त स्वतःची बाजू दिसते, नाकापुढचं दिसत नाही.

रस्ताभर मी बोलायचं जुळवत होतो. चावे किती, कधी, त्यात कारण असलेले कोणते आणि नसलेले कोणते. बाजारात पोचलो, खोकं त्या ससेवाल्यापुढं आपटायच्या ऐवजी जपून खाली ठेवलं, आणि चार माणसं जमतील अशा आवाजात सुरुवात केली. “अरे, ह्यो तुझा गरीब ससा...”

त्यानं ससा बाहेर काढला. पोटाखाली तळवा घातला. आणि म्हणाला, “द्या मालक. चूक झाली आमची. सगळे पैसे परत घ्या.” लगेच खिशात हात.

मी तसाच उभा राहिलो. माझं भाषण सगळं शिल्लक होतं. या बाजारात मी लहानाचा मोठा झालोय. इथं पैसे परत देताना माणूस आधी तुमचा बाप काढतो, मग देवाची शपथ घेतो, मग निम्मे देतो. हा हसत होता. पुन्हा तीच घाई. ‘व्हय व्हय, दोन-दाती’ म्हणतानाची घाई. आणि त्याचा तळवा पोटाखाली जितका राहायला पाहिजे, त्याहून थोडा जास्त वेळ राहिला होता.

“थांब,” मी म्हणालो. ससा माझ्याकडं घेतला. शेळीचं बघतात तसं पोट बोटांच्या टोकांनी हळू चाचपलं. बोराएवढे, लिंबाएवढे गोळे, एकापुढं एक.

“ही मादी आहे.”

“असंल मालक. एखाद्या टायमाला चुकतं.”

“गाभण आहे.”

“आता ते काय आमाला पोटात शिरून...”

“आत्ता शिरलास की! माझ्या डोळ्यांदेखत शिरलास!”

मग मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. रसवाल्यानं चरक बंद केला आणि तो बघायला आला, एवढं सांगतो. मी विचारलं, नर म्हणून का दिलीस? गाभण आहे हे हाताला कळल्यावर गुपचूप परत का घेत होतास? त्यानं खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. पण तोंड रिकामं नव्हतं. तो उभा राहिला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला, “मालक, तुमी दात बघून घेतलं. तोंड उघडून, अंगठा घालून. दात हायत म्हंजे चावणार, हे तवा कळलं न्हाय का? आन बघायची जागा सोडून तोंडात बघत बसला, त्याला म्या काय करू?”

बाजार हसला. माझ्या बरोबरीचे व्यापारी हसले. रस पिणारे दोघं तर जास्तच. त्या दिवसापासून मी कुठल्याही बैलाचा ओठ उलटा केला की कुणीतरी मागून विचारतं, “नर का मादी?”

खोकं घेऊन मी परत फिरलो. गाडी खड्ड्यांतून इतकी हळू आणली, की मागून येणारी एसटी सतत हॉर्न देत होती.

बायको दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, खोक्याकडं बघितलं.

“विकला?”

“विकली का, असं विचार.”

ती खाली बसली, उपरणं बाजूला केलं. आत ती कान मागं पाडून बसलेली. बायकोचा चेहरा असा उजळला, की मी बाजारातला अपमान दारातच विसरलो. निदान तेवढ्यापुरता.

“मला ठाऊक हुतं,” ती म्हणाली. “तोंडात गवत घिऊन कोपऱ्यात जाती, ती काय दिवाळीचा किल्ला करती का? लेकरांची जागा राखाय चावत हुती बिचारी.”

“अगं मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुमी गाभण म्हणून भाव वाढवून विकली असती.”

 व्यापारी म्हणून तिचा हिशोब चुकलेला नव्हता.

तीन-चार दिवसांनी तिनं स्वतःच्या छातीचे केस दातांनी उपटून काढले. माझं उपरणं, उरलंसुरलं, पिंजऱ्यात ओढून घेतलं आणि त्यावर ते केस पसरले. ज्या उपरण्याखाली मी आयुष्यभर दुसऱ्याच्या जनावरांचे सौदे केले, त्यात सहा पिलं झाली. उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली. ओल्या शेंगेतून सोललेल्या दाण्यासारखी मऊ. बायकोनं शेजारपाजारच्या बायकांना लांबूनच दाखवलं, जवळ येऊ दिलं नाही. कुणी हात पुढं केला की बायकोच घुं घुं करायची. पिलांचे डोळे उघडले तेव्हा घरात जी धांदल उडाली, ती मुलीच्या बारशालाही उडाली नव्हती. आता ती सहाही पिलं ओसरीभर उड्या मारतात, चिपाडं कुरतडतात, माझ्या चपलांचे अंगठे कुरतडतात, आणि मी कारण विचारत नाही. कारण आहे, हे मला माहीत आहे.

त्यांची आई आता संध्याकाळी आपणहून माझ्या पायाशी येते. मी हात पुढून नेत नाही. बाजूनं नेतो, थांबतो. ती हुंगते, आणि कपाळ खाली करते.

बायकोनं तिचं नाव ठेवलंय. काय, ते मी सांगणार नाही; ते बाजारात नेण्यासारखं नाही. पण आमच्या दारातल्या जनावराचं पहिल्यांदा नाव ठेवलं गेलं, आणि ते ती माझ्यापुढं मोठ्यानं हाक मारून घेते. वगारीचं उत्तर माझ्याकडं थकलं होतं. ते मी गाडी परत वळवून दिलं.

आता त्या ससेवाल्यानं त्याचं उत्तर द्यावं. मी चावा विसरलो, उपरणं विसरलो, दातांवरून हसणं विसरण्याच्या मार्गावर आहे. पण त्या दिवशी त्याचा हसरा चेहरा मला खरा वाटला असता, तर मी रिकामं खोकं घेऊन दारात आलो असतो आणि तिनं पुन्हा एकदा काही न बोलता भाकऱ्या थापल्या असत्या. हे त्याच्यामुळं होणार होतं. मी दर बाजाराला मुरुमला असतो, रसवाल्याच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असा. त्यानं तिथं यावं, चार माणसांपुढं उभं राहावं आणि सांगावं: पोटाखाली हात घातल्यावर काय लागलं होतं, आणि ते लागल्यावर तो गप्प का बसला.